व्हिडिओ नीट चालत नव्हता, मग कारण काय निघालं? अनुभव सांगा

कोल्हापुरात कॉम्प्युटर दुकानात नेऊन "व्हिडिओ अडकतोय" म्हटलं, की बऱ्याच ठिकाणी मशीन चालू करायच्या आधीच निकाल मिळतो : "फॉरमॅट मारायला लागतंय." फॉरमॅटमध्ये फोटो जातात, मराठी टायपिंगचे फॉन्ट जातात, आणि व्हिडिओ पुष्कळदा होता तसाच अडकत राहतो. म्हणून हा धागा.

आपापले अनुभव लिहा, पण "मग आपोआप झालं" एवढ्यावर सोडू नका. फाइल कसली, मशीन किती जुनं आणि दोष कशात आहे हे कसं कळलं, ते सांगा. माझं मत विचाराल तर तीच फाइल दुसऱ्या मशीनवर आणि दुसरी फाइल त्याच मशीनवर लावून बघितल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊच नये. दोष फाइलचा की मशीनचा, एवढं तरी तिथंच कळतं.

सुरुवात माझ्यापासून. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला आणि आवाज गेला. साउंड कार्ड गेलंय असं मला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात विंडोजने आवाज केबलमधून मॉनिटरकडे वळवला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. खाली घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदललं, संपलं. खर्च शून्य.

राजारामपुरी

आमच्या नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. पुतण्यानं हळदीचं शूटिंग आयफोनवर केलं आणि पेनड्राइव्हवर आणून दिलं. लावलं तर हलगी ऐकू येतेय, बायकांचं हसणं ऐकू येतंय, चित्राचा पत्ता नाही. सासूबाई म्हणाल्या, "रेडिओच ऐकवायचा होता तर आधी सांगायचंस."

शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा बघायला आला. त्याच्याकडून कळलं ते असं : एमपीफोर हे नुसतं वेष्टन असतं, आतलं चित्र वेगवेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेलं असतं. एच.२६४ ही पद्धत २००३ची, ती बहुतेक सगळीकडे चालते. २०१७ पासूनचे आयफोन एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ वापरतात. त्यात जागा जवळजवळ निम्मी लागते, पण आमच्या विंडोज १० मधल्या प्लेअरला त्यासाठी वेगळं एक्स्टेंशन घ्यावं लागतं. आवाज साध्या पद्धतीचा असल्यामुळे तेवढा वाजत होता. त्यानं व्हीएलसी नावाचा प्लेअर टाकून दिला. तो फुकट आहे आणि हे सगळं उलगडायचं सामान स्वतःबरोबर घेऊनच येतो. पुतण्याला आता सांगून ठेवलंय : सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथं 'मोस्ट कम्पॅटिबल'. फाइल मोठी होते, होऊ दे.

शाहूपुरी, लग्नाचं शूटिंग करतो

ताई, तुमचा पुतण्या सुटला, आम्हाला मात्र फोन येतात : "साहेब, तुमचा पेनड्राइव्ह खराब आहे." पेनड्राइव्ह ठणठणीत असतो. हल्ली कॅमेरे १० बिट, ४:२:२ असं, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवून रेकॉर्डिंग करतात. रंग सुधारायला ते उत्तम. पण एच.२६४ मधला हा प्रकार घरच्या कॉम्प्युटरची बहुतेक ग्राफिक्स चिप उलगडतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. विंडोजमधला टास्क मॅनेजर (कुठल्या भागावर किती भार आहे ते दाखवतो) उघडून बघा : सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्क्यांना टेकलेला आणि जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' शून्यावर असेल, तर हेच कारण. म्हणून मूळ शूटिंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी फुल एचडी, ८ बिट, एच.२६४ ची प्रत वेगळी देतो, "बघायची ही" असं लिहून.

दुसरी कटकट टीव्हीची. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅट केला तर बसते, पण बरेच जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. मग काय, अक्षता एका फाइलमध्ये आणि जेवणं दुसरीत.

मंगळवार पेठ

आमचा विषय फुटबॉल. शाहू स्टेडियमवरची मॅच यूट्यूबवर लाइव्ह असली की निम्मी गल्ली आमच्या सोप्यात. आन् बॉल गोलपाशी गेला की चित्र गचके खायचं. पोरं नेटवाल्याला शिव्या घालायची. मी व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं. बफर, म्हंजे आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, भरपूर, म्हंजे नेटचा काय दोष न्हाई. पण 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा, म्हंजे न दाखवता गाळलेल्या चित्रांचा आकडा रिक्षाच्या मीटरगत पळतोय!

कोडेकच्या, म्हंजे व्हिडिओ दाबायच्या पद्धतीच्या जागी लिवलंय व्हीपी९. आमचा लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीचा. व्हीपी९ हार्डवेअरवर पूर्ण उलगडायची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासनं आली. म्हंजे बिचारा प्रोसेसर एकटाच मरमर मरतोय. ब्राउझरला एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन लावलं, त्यानं यूट्यूब एच.२६४ देतंय. १०८० पर्यंतच मिळतंय, पण त्या लॅपटॉपला त्याच्यावर पायजे कशाला? नवा घ्यायचं ठरलंवतं, ते पैसं वाचलं.

उद्यमनगर

सुरुवातीला छान चालायचं, सिनेमा रंगात आला की अडकायला लागायचं. फाइल तीच, प्लेअर तोच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघत बसलो तर तो हळूहळू खाली येत होता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. खोका उघडला. खाली आमचंच वर्कशॉप, त्यामुळे पंख्याच्या जाळीत काय असणार ते सांगायला नको. ब्लोअर मारला, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती थर्मल पेस्ट वाळली होती, ती बदलली. कामगारांना मास्क देतो, कॉम्प्युटरला कोण देणार?

गंगावेश

माझ्याकडे खासबागेतल्या कुस्त्यांच्या जुन्या व्हीसीडी आहेत. नातू म्हणाला, आजोबा, ही डिस्क मेली. कॉम्प्युटर डिस्क ओळखत होता, पण आतली डीएटी फाइल कॉपी करताना 'सायक्लिक रिडन्डन्सी' असं काहीतरी म्हणून थांबत होता. नेमकं डाव पडायच्या जागी, हे आमचं नशीब.

मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसलं. गोल गोल पुसू नये, कारण गोलाकार ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच जातो आणि ड्राइव्हला ती चूक भरून काढता येत नाही. तरी एक डिस्क अडलीच. ती भाचीकडच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सरळ वाचली गेली. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता सगळं हार्ड डिस्कवर घेतलंय, डिस्क परत फिरवायच्या नाहीत. डीएटीच्या आत एमपीईजी-१ या साध्या, जुन्या पद्धतीचा व्हिडिओ असतो, व्हीएलसीत फाइल ओढून टाकली की चालते. चित्र मोठ्या टीव्हीवर धुरकट दिसतं. व्हीसीडीचं चित्रच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्याला इलाज नाही. पैलवान ओळखू येतात, पुरे झालं.

कुंभार गल्ली

आजोबांच्या लिहिण्यात भर. २०१९च्या पुरात आमच्या सीडी-डीव्हीडी पाण्यात होत्या. स्वच्छ पाण्यानं धुऊन, न घासता सावलीत वाळवल्या. बऱ्याच डीव्हीडी वाचल्या, सीडी कमी. सीडीची चकाकणारी पातळ फिल्म छापील बाजूला लागूनच असते, वरचा भाग सोलला की माहिती गेलीच. डीव्हीडीत ती दोन थरांच्या मधे असते.

ताराबाई पार्क

मुलीच्या गॅदरिंगचा नाच कॅमेऱ्यावर घेताना बॅटरी संपली. फाइल भलीमोठी, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. एमपीफोरमध्ये कुठलं चित्र कुठं आहे याची यादी असते आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात. माझ्या फाइलला ती यादीच नव्हती. अनट्रंक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगमध्ये घेतलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून दिली, त्यावरून त्यानं यादी पुन्हा बांधली. तोवर त्या कार्डावर नवं काही घेतलं नाही आणि फॉरमॅटही केलं नाही. नाच दिसतोय, पण गाणं पावलांच्या थोडं आधी येतंय. काय करू?

शाहूपुरी, लग्नाचं शूटिंग करतो

व्हीएलसीत बघताना 'के' दाबा, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो. जास्त झालं तर 'जे'. फाइल मात्र होती तशीच राहते. कायमचं जुळवायचं असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या, करून देतो. पैसे नकोत, चहा सांगा.