झहीरला वूस्टरने घडवलं? मग आधीची सहा वर्षं कुठे गेली?

श्रीरामपूरकर: 'झहीर खान २००६ पर्यंत सामान्य बोलर होता, इंग्लंडमधल्या वूस्टरशायर काउंटी संघाने त्याला घडवलं' ही पोस्ट सकाळपासून तीन ग्रुपवर आली. राहवलं नाही म्हणून लिहितोय. ऑक्टोबर २००० ला नैरोबीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडवणारा पोरगा काय वूस्टरहून आला होता? २००३ च्या वर्ल्डकपमध्ये १८ विकेट, त्याच वर्षी ब्रिस्बेन कसोटीत पहिल्या डावात पाच. हे सामान्य?

वाकडी_सीम: ती पोस्ट माझीच. २००३ च्या फायनलची पहिली ओव्हर विसरलात? १५ धावा. ब्रिस्बेनला पाच घेतले आणि पाय दुखावला. पुढची दोन वर्षं दुखापती, संघातून आत-बाहेर. २००६ ला वूस्टरशायरकडून ७८ विकेट घेतल्या, रनअप कमी केला, आणि मग नवा झहीर दिसला. २००७ ला ट्रेंट ब्रिजला नऊ विकेट. राउंड द विकेट येऊन डावऱ्यांना दोन्हीकडे हलवत होता. ही अक्कल रोज ड्यूक्स, म्हणजे इंग्लंडमधला बॉल, हातात घेतल्यावर येते.

श्रीरामपूरकर: रनअपचं मान्य. पण एका ओव्हरवरून माणूस मोजू नका. मनगट इथलंच होतं, चेन्नईच्या एमआरएफच्या फास्ट बोलिंग अकादमीत पैलू पडले.

गोदाकाठ: तुम्ही दोघं वूस्टर आणि चेन्नई करताय. मुळात श्रीरामपूरच्या मुलाला मुंबई गाठावी लागली आणि रणजी पदार्पण बडोद्याकडून करावं लागलं, याचं कुणालाच काही वाटत नाही? माझा थोरला भाऊ डावखुरा, टेनिस बॉलवर तालुक्यात त्याला कुणी उभं राहू देत नव्हतं. पहाटे चारच्या एसटीने निवड चाचणीला गेला. नेटमध्ये तीन बॉल मिळाले. तीन! लेदरचा बॉल त्या दिवशी पहिल्यांदा हातात आलेला. पहिला वाइड, दुसरा बॅटच्या कडेला लागला, तिसरा टाकून मागे वळला तर 'नेक्स्ट'. मधल्या सुट्टीच्या आत घरी निघालाही.

लोअरपरळ: गावचा म्हणून डावललं, हे रडगाणं पुरे. मुंबईत काय ताट वाढून ठेवतात? मी सात वर्षं विरार लोकलमध्ये किटबॅग घेऊन शिव्या खाल्ल्या, मलाही नेटमध्ये चार-पाच बॉलच मिळायचे. आणि झहीरला मुंबईतच नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये प्रशिक्षक सुधीर नाईकांनी उभं केलं. ते तुम्हाला बरोबर विसरायला होतं.

गोदाकाठ: तुम्हाला सात वर्षं दर रविवारी चार बॉल मिळाले. त्याला आयुष्यात तीन. तुम्ही संध्याकाळी घरी जेवायला जायचात. आमच्याकडे मुंबईत राहायचं म्हणजे खोली, खानावळ, वर्षभर कमाई नाही. वडिलांचा ऊस वाहून गेला होता त्या साली. यात रडगाणं कुठे दिसलं तुम्हाला?

वाकडी_सीम: विषय झहीरचा होता.

गोदाकाठ: झहीरचाच आहे. नाईकांसारखा माणूस भेटला म्हणून एक झहीर दिसला. न भेटलेले किती, ते कुणी मोजत नाही.

मॅटिंगवाली: मी मुलींच्या संघात खेळले आहे. आम्हाला नेटची वेळच मुलांचं संपल्यावर, अंधार पडताना मिळायची. बॉल दिसेपर्यंत पॅडवर आदळायचा. गोदाकाठ, तुमच्या भावाची गोष्ट मला पटते. पण वाकडी_सीमचंही चुकत नाही. २०११ च्या वर्ल्डकप फायनलला झहीरच्या पहिल्या पाच ओव्हरमध्ये तीन निर्धाव होत्या. धावत येताना दुसऱ्या हाताने बॉल झाकायचा, चकाकी कुठल्या बाजूला आहे ते फलंदाजाला कळू द्यायचा नाही. तेवढा संयम २००३ मध्ये नव्हता.

श्रीरामपूरकर: ठीक. वूस्टरने धार लावली, एवढं लिहा. 'घडवलं' काढा.

वाकडी_सीम: 'सामान्य' काढतो. 'घडवलं' राहणार. ३११ कसोटी बळींतले बरेचसे त्यानंतरचे आहेत.

लोअरपरळ: गोदाकाठ, रडगाणं म्हणालो ते चुकलं. खोली-खानावळीचा हिशोब मला कधी करावा लागला नाही. भाऊ आता काय करतो?

गोदाकाठ: कोपरगावला पाइपचं दुकान आहे. रविवारी शाळेच्या मैदानावर मॅट अंथरतो, पंधरा-वीस पोरं येतात. बॉल लेदरचाच, स्वतःच्या खिशातून आणतो. प्रत्येकाला पूर्ण चार ओव्हर टाकायला लावतो, वाइड गेले तरी.