विपश्यना आणि चक्रसाधना एकाच पंगतीत बसवू नका

कसारा_लोकल: योगवर्गांच्या जाहिरातींत हल्ली 'विपश्यना आणि चक्रजागृती' असं जोडपॅकेज दिसतं. मला ते खटकतं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १० दिवसांच्या शिबिरात पहिले ३ दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बस्स. चौथ्या दिवशी विपश्यना मिळते, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहायचं. मग अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. गुडघा पेटतो. नेटाने बघत राहिलं की कळतं, ही कळ एकसंध नाहीच. कुठे चटका, कुठे ठोके, कुठे नुसता ताण. आणि 'घंटा कधी होणार' ही चरफड त्याहून निराळी. ती निराळी दिसली की स्वतःची थोडी ओळख होते. चक्रसाधनेत शरीरातल्या ठरावीक जागी कमळासारखी चक्रं कल्पून त्यांवर लक्ष लावायचं; पाकळ्या किती, बीजाक्षर (जपायचं अक्षर) कोणतं, सगळं आधीच ठरलेलं. नकाशा देऊन धाडलं तर माणूस नकाशातलंच शोधून आणणार.

उलटा_प्रवाह: असहमत. विपश्यनेत तरी पाटी कुठे कोरी असते? रोज संध्याकाळी ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन, त्यात सगळं अनित्य आहे हे ठासून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी अनित्यच जाणवलं तर नवल काय! आणि चक्रं बौद्धांना वर्ज्य आहेत असं कुणी सांगितलं? हेवज्रतंत्र या बौद्ध तांत्रिक ग्रंथात नाभी, हृदय, कंठ, मस्तक अशी चार चक्रं आहेत. तुम्मो या शरीरात ऊब जागवण्याच्या तिबेटी बौद्ध साधनेचा भर नाभीवरच असतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी कुंडलिनी आहे, ती काय माउलींनी पॅकेज विकायला लिहिली?

कसारा_लोकल: माउलींना मध्ये आणलं की समोरचा गप्प, सोयीचं आहे. तुम्मो गुरूकडून रीतसर शिकतात, रविवारच्या वर्गात नाही. माझं भांडण त्या वर्गाशी. तिथल्या तक्त्यावर अनाहत, म्हणजे हृदयाजवळचं चक्र, हिरवं असतं. पूर्णानंदांच्या १५७७ च्या षट्चक्रनिरूपण या चक्रांवरच्या संस्कृत ग्रंथात ते बंधूक, म्हणजे तांबड्या दुपारीच्या फुलासारखं आहे. इंद्रधनुष्याचे सात रंग विसाव्या शतकात पश्चिमेत चिकटवले गेले. मग ज्यांना वर्गात 'हिरवा प्रकाश' दिसला, त्यांना नक्की काय दिसलं?

उलटा_प्रवाह: तक्ता चुकीचा, मान्य. पण छातीशी लक्ष ठेवून बसल्यावर वर्षानुवर्षं दाबलेलं रडू फुटतं, ते काय रंगामुळे? ज्याला नुसता श्वास बघवत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं.

पंचशील_आधी: तुमचं दोघांचं भांडण डोळे मिटल्यानंतरचं आहे. १९५६ च्या दीक्षेनंतर आमच्या घरात पहिल्यांदा आले त्रिशरण आणि पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम. ध्यान फार उशिरा. धम्मगिरीवरही सुरुवातीला शीलच घ्यायला लावतात, पण घरी परतल्यावर लोक सांगतात फक्त गुडघ्याच्या गोष्टी. शिबिर करून आलेल्यांच्या घरात कामवाल्या मावशींचा कप अजून खिडकीत वेगळा ठेवलेला बघितलाय मी. शरीरावरची बारीकशी मुंगी कळते, कप दिसत नाही. चक्रवाल्यांकडेही तोच कप, तीच खिडकी.

कसारा_लोकल: कपाचं बिनतोड. पण तो दोष माणसाचा, पद्धतीचा कसा?

पंचशील_आधी: माणूस बदलतो म्हणूनच १० दिवस रजा टाकून जाता ना?