नथीतले मोती बसरा आहेत का, कसं ओळखायचं?

पैंजण_७: आजेसासूबाईंची नथ मिळालीय, घरात सगळे म्हणतात बसराच, सोनार म्हणतो कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेले. दातावर घासले तर खरखर लागली, मग खरेच ना?

कोकणी_मावशी: अगं खरखर लागली म्हणजे काच-प्लास्टिक नाही एवढंच, कल्चर्डही तसेच खरखरतात. बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, नक्की कळायला लॅबमध्ये एक्स-रे काढून आतली रचना बघावी लागते, नुसत्या डोळ्यांनी छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

भाग्यनगरी: भोकाची कड भिंगातून बघा, पापुद्रा सुटून आत काच दिसली तर नकलीच. भावाचं म्हणाल तर मी तरी आधी पाणी, म्हणजे चमक बघतो, मग गोलाई न् साइज. आमच्या चारमिनारजवळ मिळतात ते बहुतेक चीनचे गोड्या पाण्यातले कल्चर्ड, छान असतात पण बसराच्या भावात कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या 😄

पैंजण_७: थँक्स! तोवर पॉलिशला टाकू का?

कोकणी_मावशी: मुळीच नको, वरचा थर जाईल, मऊ कापडाने पूस फक्त. आणि तार तपासून घे, झिजली की मोती गळतात.