ऐरोलीजवळ भाड्याने घर हवंय, आईला बोलायला शेजार असलेलं (बजेट १८ हजार)

कणकवलीकर
जूनपासून ऐरोलीत नोकरी आहे. बाबा गेल्यापासून आई गावच्या घरात एकटीच असते, तिला सोबत आणतोय. वय ६७, गुडघे दुखतात. वन बीएचके, भाडं १८ हजारांच्या वर झेपणार नाही, डिपॉझिट ६० हजार. जिम, बाग काही नको. मी दिवसाचे अकरा तास बाहेर असेन, तेवढ्या वेळात दारात उभं राहून चार शब्द बोलणारं कोणी हवं. आम्ही मासे खातो. कुठे बघू?

फडकेरोड
डोंबिवली पूर्व, डोळे झाकून. ३२ वर्षं राहतोय. पाडव्याची शोभायात्रा १९९९ साली आमच्या गणेश मंदिरापासूनच सुरू झाली. आई रोज सकाळी देवळात जाऊ लागल्या की महिन्याभरात भिशीत ओढल्या जातील.

घोडबंदर_१४वा_मजला
बजेट थोडं वाढवा, ३२ हजारांत आमच्याकडे छान टू बीएचके मिळतो. ज्येष्ठांसाठी वेगळा कट्टा आहे, तीन लिफ्ट आहेत, वीज गेली तरी लिफ्ट चालते.

ठाणे_वाशी_८_१२
अहो, त्यांनी १८ सांगितलेत. आणि घोडबंदरहून ऐरोलीला रोज कसे जाणार ते? ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली की दिघा गाव, मग लगेच ऐरोली. म्हणून ठाणे स्टेशनच्या जवळ राहा. डोंबिवलीहून सकाळी आठला चढून दाखवा, मग बोलू.

फडकेरोड
मी ३२ वर्षं चढतोय.

निवासी_विभाग
डोंबिवली सुचवणाऱ्यांनी एमआयडीसीचंही सांगावं. २०१६ चा स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचा घरभर उडाल्या, मे २०२४ मध्ये पुन्हा स्फोट. रात्री वास आला की आम्ही खिडक्या लावून घेतो. एमआयडीसीच्या बाजूला घेऊ नका, स्टेशनच्या बाजूला घ्या.

उल्हासकाठ
बदलापूर. ९ हजारांत वन बीएचके. हवा चांगली, लोक चांगले. फक्त तळमजला नको. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच पाण्यात अडकली होती, त्या दिवशी आमचा फ्रिज तरंगत होता. शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेऊन आम्हाला चार दिवस जेवू घातलं.

सावंतवाडी_पॅसेंजर
आवशीक घेवन येतास मा, मग दिव्याक येवा! गावाकडची गाडी दिव्यातूनच सुटते, कणकवलीला थांबते. आमच्या मजल्यावर सगळी आपलीच माणसं.

ठाणे_वाशी_८_१२
दिव्याला पाण्याचं विचारून घ्या. आणि कोकणकन्या, मांडवी ठाण्यालाही थांबतात.

आजीची_लेक
मासे खाता हे दलालाला आधीच सांगा. आम्ही टोकन दिलं, सामान बांधलं, आणि मग कमिटीने कळवलं की नॉनव्हेज चालणार नाही. टोकनचे पाच हजार बुडाले.

सोसायटी_सचिव
प्रत्येक सोसायटीला आपलं वातावरण जपण्याचा अधिकार आहे.

आजीची_लेक
माझ्या स्वयंपाकघरात मी बांगडा तळला तर तुमचं वातावरण कसं बिघडतं? भाडं पूर्ण घेता ना?

घोडबंदर_१४वा_मजला
आमच्याकडे असं काही नाही. १४व्या मजल्यावरून खाडी दिसते.

तीन_घरं_बदललेली
रविवारी दुपारी घर बघू नका, तेव्हा सगळे झोपलेले असतात. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सहाला आईंना घेऊन जा आणि अर्धा तास खालीच थांबा. जिन्यात कोण कोणाशी बोलतं, दारं उघडी असतात की नुसत्या चपला दिसतात, ते बघा. पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारा, मालकाला नको. करार ११ महिन्यांचा असेल, पण मालकाला घर विकायचंय का ते आधीच विचारा. माझ्या आईला एका बिल्डिंगमध्ये रुळायला वर्ष लागलं आणि बाराव्या महिन्यात घर सोडावं लागलं. त्यानंतर तिने नव्या ठिकाणी ओळखी करायचंच सोडून दिलं.

डोंबिवलीची_सून
डोंबिवली पूर्वच बघा. देवळात ओळखी होतात.

कणकवलीकर
सगळ्यांचे आभार. दोन आठवडे फिरलो. घर कळव्यात घेतलं, खारेगावात. इथे कोणीच सुचवलं नव्हतं. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे वाचून रागवाल. १६ हजार भाडं, मालक पुण्यात, विकणार नाही म्हणाले. मला कळव्याहून ठाणे एकच स्टेशन.

बुधवारी संध्याकाळी गेलो होतो. आई दुसऱ्या मजल्यावर गुडघा धरून थांबली. तिथल्या काकूंनी जिन्याच्या खिडकीत वर्तमानपत्रावर कोकमाची सोलं वाळत घातली होती. आईने एक उचलून दाबून बघितलं, म्हणाली, "अजून दोन उन्हं हवीत." काकूंनी आतून खुर्ची आणून दिली. वरचं घर मी एकट्यानेच बघितलं. पाऊण तासाने खाली आलो तर आईच्या हातात चहा होता आणि ती काकूंना आमच्या परसातल्या रतांब्याचं सांगत होती.

तिने वरचं घर अजून बघितलेलं नाही. १ जूनला येतोय.