टॅब बोटानं सरकत नाहीत म्हणून अ‍ॅप अर्धवट? मला हे अजिबात मान्य नाही

गुलटेकडीकर

काल इथे 'हिंजवडी फेज ३' यांनी लिहिलं: "टॅब आहेत आणि बोटानं सरकत नाहीत, तर ते अ‍ॅप अर्धवट. व्ह्यूपेजर, म्हणजे पानं बोटानं सरकवणारा अँड्रॉइडचा तयार भाग, लावायला दहा मिनिटं लागतात. न लावणं हा निव्वळ आळस." रात्री दोनदा उत्तर लिहून खोडलं. आता लिहितोच.

मार्केट यार्डातल्या एका आडत्यांसाठी मी अ‍ॅप केलं होतं. टॅब तीनच: आवक, भाव, उचल. भावाच्या टॅबमध्ये तक्ता होता. माल, किमान, कमाल, सरासरी, सगळं क्विंटलला. फोनच्या रुंदीत एवढे रकाने मावत नाहीत, म्हणून तक्ता आडवा सरकायचा. आणि टॅबही सरकायचे, कारण तेव्हा मलाही वाटायचं की ते हवंच.

एका सकाळी गाळ्यावर त्यांनी एका शेतकऱ्याला कांद्याचा भाव दाखवायला फोन पुढे केला. शेतकऱ्यानं सरासरी बघायला बोट सरकवलं. तक्ता शेवटाला गेला होता, म्हणून बोटाचा उरलेला रेटा पेजरनं घेतला आणि समोर उचलीची यादी आली. कुणी किती उचल घेतलीय, नावानिशी. त्यातलं एक नाव त्या शेतकऱ्याच्या भावकीतलं होतं. पुढे त्या घरात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. आडत्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही माझी वही उघडी ठेवलीत."

पेजरचा स्वाइप, म्हणजे बोटानं सरकणं, बंद करायला कोडची एक ओळ लागते, इझयूझरइनपुटएनेबल्ड फॉल्स. ती मी त्याच दिवशी लावली. पण ते वाक्य अजून कानात आहे, म्हणून 'आळस' हा शब्द मला लागला.

दोन पडदे बोटानं जोडले की आपण वापरणाऱ्याला सांगत असतो, हे एकाच जातीचं आहे, बिनधास्त पुढे जा. सोमवारनंतर मंगळवार, या फोटोनंतर पुढचा फोटो, तिथे सरकवा खुशाल. भावाच्या शेजारी उचल ही पडद्यावरची सोय झाली, धंद्यात त्या दोन गोष्टी शेजारी नसतात. आणि ज्या टॅबच्या आत नकाशा किंवा आडवी सरकणारी यादी आहे तिथे टॅब सरकवू नका, हे गूगलच्या मटेरियल या डिझाइन-नियमावलीच्या सूचनांतही लिहिलेलं आहे.

हिंजवडी फेज ३

शब्द लागला असेल तर वाईट वाटलं, पण मुद्दा मागे घेत नाही. दादा, तुमच्या गोष्टीत चूक स्वाइपची नाहीच. उचलीची यादी गिऱ्हाईकासमोर धरायच्या अ‍ॅपमध्ये कुलुपाशिवाय ठेवलीत, ही चूक आहे. शेतकऱ्यानं चुकून टॅबवर बोट टेकवलं असतं तरी तेच झालं असतं.

आता माझं ऐका. रोज सकाळी मनपाच्या थांब्यावरून हिंजवडीची बस. उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. डावा हात वरच्या दांडीला, उजव्यात फोन, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. पावणेसात इंची फोनवर टॅब वरच्या कडेला. अंगठा तिथे पोचत नाही. पोचवायचा तर फोन तळहातात वर सरकवावा लागतो, आणि एका वळणावर माझा फोन तसाच पडला, काच गेली. त्या वेळी मी जे अ‍ॅप वापरत होतो त्याचे टॅब सरकत नव्हते. तुमचा आडत्या बसून असतो. आम्ही लटकून असतो.

गुलटेकडीकर

उचलीला पिन हवा होता, मान्य. ते मीही नंतर केलं. पण चुकून टेकवणं आणि चुकून सरकवणं सारखं नाही. टेकवायला नेमकी जागा लागते. सरकवायला अख्खा पडदा मोकळा असतो, म्हणून चूकही अख्ख्या पडद्यावर कुठेही होते.

आणि अंगठ्याचंच म्हणताय तर ऐका. अंगठा सरळ रेषेत हलत नाही, कमानीत फिरतो. यादी वर ढकलताना तो आडवाही जातो. जुना व्ह्यूपेजर आडवी हालचाल उभ्या हालचालीच्या दुपटीहून जास्त असेल तरच पान पकडायचा. नवा व्ह्यूपेजर२ रिसायकलरव्ह्यूवर, म्हणजे याद्या दाखवणाऱ्या भागावर, उभा आहे, तो फक्त आडवं अंतर ठरलेल्या मर्यादेपुढे गेलं का एवढंच बघतो. म्हणून तिरक्या बोटाला पान हलतं. बसमध्ये लटकून यादी वाचताना तुमचं पान कधीच चुकून सरकलं नाही?

अंगठा पोचत नसेल तर टॅब खाली आणा. व्हॉट्सअ‍ॅपनं अँड्रॉइडवर २०२४ साली तेच केलं.

हिंजवडी फेज ३

खाली आणले, पण स्वाइप ठेवला त्यांनी! तुम्हीच माझ्या बाजूनं साक्ष दिलीत.

पान चुकून सरकतं, हो. आठवड्यातून एकदा. परत सरकवतो. त्यासाठी रोजची सोय काढून टाकायची का?

फ्लटरवाला

दहा मिनिटांचं कुणीतरी बोला ना. फ्लटर या गूगलच्या अ‍ॅप बनवायच्या साधनात तर शून्य मिनिटं लागतात, टॅबबारव्ह्यू हा तयार भाग टाकला की सरकतोच. खरं काम त्यानंतर सुरू होतं. माझ्या पहिल्या नोकरीत विम्याचा फॉर्म तीन टॅबमध्ये होता. लोक पहिल्या टॅबमध्ये नाव, पत्ता, वारसाचं नाव भरायचे, तिसऱ्यात डोकावून परत यायचे, तर पहिला टॅब कोरा. प्रत्येक टॅबला कीपअलाइव्ह, म्हणजे टॅब नजरेआड गेला तरी भरलेलं जपणारी सोय, लावायला हवी होती, आम्हाला कळलं नव्हतं. तक्रारी आल्यावर कळलं. स्वाइपमुळे लोक जास्त डोकावतात, आणि डोकावले की गमावतात.

गुलटेकडीकर

अगदी. अँड्रॉइडवरही तेच दुखणं. जुन्या व्ह्यूपेजरमध्ये ऑफस्क्रीन लिमिट, म्हणजे शेजारची किती पानं आधीच तयार ठेवायची तो आकडा, एकच्या खाली नेताच येत नव्हता. टॅब उघडायच्या आधी शेजारचा टॅब तयार, त्याची सर्व्हरकडे मागणी (एपीआय कॉल) गेलेली, डेटा खर्च झालेला. मग पान खरंच दिसतंय का हे ओळखायला सेटयूझरव्हिजिबलहिंटच्या कसरती. आता शेजारचं फ्रॅगमेंट (टॅबचं पान) तयार असलं तरी समोर येईपर्यंत रिझ्यूम, म्हणजे चालू, होत नाही, पण अजूनही मुलं सगळे कॉल ऑनव्ह्यूक्रिएटेडमध्ये, म्हणजे पान तयार होतानाच, टाकतात आणि अ‍ॅप जड झालं म्हणून रडतात. गेल्याच महिन्यात एका मुलानं मला दाखवलं, समोरचं फ्रॅगमेंट शोधायला त्यानं व्ह्यूपेजर२ आतून देतो ती 'एफ०', 'एफ१' अशी नावं हातानं लिहिली होती. टॅब काढून-घालून क्रम बदलला की कोसळणार. या सगळ्याला दहा मिनिटं म्हणायचं?

बाणेरचा आयफोनवाला

कडेचं विसरलात. आयफोनवर २०१३ पासून, आयओएस ७ पासून, डाव्या कडेवरून सरकवलं की मागचा पडदा. अँड्रॉइड १० पासून तर दोन्ही कडांना मागे जाणं. दुसऱ्या टॅबवरून पहिल्यावर यायला बोट कडेपासून ओढलं की टॅब राहिला बाजूला, अख्खा पडदाच बंद. कडेचा काही भाग स्वतःसाठी मागून घेता येतो, पण अँड्रॉइड एका कडेला २०० डीपीच (डीपी हे पडद्यावरचं मोजमाप) देतं. साध्या अ‍ॅपला अख्खी उंची मिळत नाही.

टेस्टर ताई

सगळे आपल्याच अंगठ्यावर बोलताहेत. मी टॉकबॅक, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, लावून अ‍ॅप तपासते. टॉकबॅकमध्ये एका बोटानं सरकवणं म्हणजे पुढच्या घटकावर जाणं. पान सरकवायला दोन बोटं लागतात, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना शेजारी पान आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून सरकवून जिथे जाता येतं तिथे टेकवूनही जाता आलंच पाहिजे. डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांत, २०१८ पासून, हावभावाला पर्याय मागितलेला आहे. माझ्याकडे गेल्या वर्षी एक अ‍ॅप आलं, त्यात टॅबच्या जागी नुसते ठिपके. मी नापास केलं. मॅनेजर म्हणाले, "ताई, फार ताणताय."

पण गुलटेकडीकर, तुमच्याशीही माझं पटत नाही. माझ्या आईचा हात थरथरतो. तिला नेमक्या जागी टेकवणं जमत नाही, तीनदा चुकतं, मग ती फोन ठेवून देते. सरकवणं तिला जमतं. तिच्यासाठी 'नेमकी जागा' हीच अडचण आहे.

गुलटेकडीकर

हे मी धरलं नव्हतं.

शनिवारपेठी

तुमचं सरकवणं चालू द्या, पण त्या टॅबवर लिहिलेलं मराठी एकदा वाचा. मराठी निवडलं की 'खाता', 'लेनदेन', 'जानकारी'. ही मराठी आहे? खाते, व्यवहार, माहिती हे शब्द आपल्याकडे नाहीत का? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, आणि अ‍ॅपमध्ये अजून हिंदीचीच यादी नक्कल करून टाकतात. वडिलांनी एका अ‍ॅपमध्ये 'लेनदेन' बघून मला विचारलं, "हे आपल्यासाठी नाही वाटतं?" ते शिक्षक होते. त्यांना इंग्रजी येतं, तरी त्यांनी मराठी निवडलं होतं.

हिंजवडी फेज ३

विषय काय, तुम्ही बोलताय काय! आणि खरं सांगू? मराठी लेबल लांब होतात, टॅबमध्ये मावत नाहीत. लोक स्वतःच इंग्रजी निवडतात. मी स्वतः निवडतो.

शनिवारपेठी

लांब होतात? इंग्रजी ट्रान्झॅक्शन्स मोजा आणि 'व्यवहार' मोजा. 'आवक' तीन अक्षरं, 'भाव' दोन, 'उचल' तीन. या धाग्यातला सगळ्यात नेटका टॅबबार एका आडत्याचा आहे, कारण तो धंद्याच्या भाषेत आहे. तुम्ही मराठी लावून बघितलेलं नाही. आणि लोक इंग्रजी निवडतात कारण मराठी निवडल्यावर हिंदी येतं! आधी वाईट जेवण वाढायचं, आणि मग कुणी जेवत नाही म्हणून स्वयंपाकघर बंद करायचं.

फ्लटरवाला

थोडं शांत घ्या हो. भाषांतर आमच्या हातात नसतं. आम्हाला एक शीट येते, त्यातलं आम्ही चिकटवतो.

शनिवारपेठी

शीट येते आणि चिकटवता! त्यात 'लेनदेन' दिसल्यावर तुमच्यातल्या एकाही मराठी माणसाला परत पाठवावंसं वाटलं नाही?

टेस्टर ताई

यात मी शनिवारपेठींच्या बाजूनं. नुसते शब्दच नाहीत, अक्षरंसुद्धा कापली जातात. डिझाइन इंग्रजीत होतं, मग कुणीतरी इन्क्लूडफॉन्टपॅडिंग, म्हणजे अक्षरांच्या वर-खालची मोकळी जागा, बंद करतं, आणि 'सर्व' वरचा रफार उडतो. 'सर्व' चं 'सव' होतं. वेलांटीचा शेंडा जातो, खालचा उकार अर्धा. फोनवर अक्षरं मोठी करून बघा, ४८ डीपीच्या टॅबमध्ये काय उरतं ते. मी दर वेळी हा दोष नोंदवते, दर वेळी 'किरकोळ' म्हणून खाली जातो. माझ्या भाषेचं अक्षर तुटलेलं दिसणं किरकोळ कसं?

बाणेरचा आयफोनवाला

आमच्याकडेही. ओळीची उंची इंग्रजीवर बेतलेली की मात्रा कापली. लाज वाटते, पण खरं आहे.

हिंजवडी फेज ३

रफाराचं माहीत नव्हतं. आत्ता आमचं अ‍ॅप मराठीत लावून बघितलं. 'सर्व' खरंच 'सव' दिसतंय. सोमवारी दुरुस्त करतो.

पण यातूनही माझाच मुद्दा येतो. अक्षरं मोठी केली की सगळी लेबलं एका ओळीत बसत नाहीत, टॅबची पट्टी सरकती करावी लागते. मग चौथा-पाचवा टॅब पडद्याबाहेर. तो आहे हे ताईंच्या आईंना कळणार कसं? पान सरकवूनच ना?

गुलटेकडीकर

पाच टॅब लागतात तिथे आधी टॅबच चुकलेत. तीनाच्या वर गेलात की विचार करा की हा मेनू आहे का. बोटानं धुंडाळत बसायला लावणं ही सोय नाही.

तरी ताईंच्या आईंमुळे माझं म्हणणं थोडं बदलतोय, तुमच्या बसमुळे नाही. सगळीकडे स्वाइप बंद, असं मी म्हणणार नाही. पण ज्या टॅबमध्ये दुसऱ्या माणसाचा पैसा, दुसऱ्याचं नाव आहे, तिथे चुकलेल्या बोटानं पोचता कामा नये, यावर मी ठाम आहे.

हिंजवडी फेज ३

आणि मी यावर ठाम आहे की बाकी सगळीकडे सरकलंच पाहिजे. 'दहा मिनिटं' हे मात्र चुकलं. नीट करायचं तर दोन-तीन दिवस.

टेस्टर ताई

तपासणीचे धरून पाच.

गुलटेकडीकर

शनिवारपेठी, एक विचारायचं होतं. आडत्यांनी नवा टॅब मागितलाय, खरेदीदारांकडून जे यायचं राहिलंय त्याचा. त्यांच्या मुलानं 'पेंडिंग' सुचवलंय.

शनिवारपेठी

'येणे'. जुन्या वह्यांत तेच आहे, आडत्यांना विचारा, लगेच ओळखतील. दोन अक्षरं, कुठेही मावेल. फक्त वरच्या मात्रा कापल्या जात नाहीत ना, ते बघा.

गुलटेकडीकर

'येणे' लावतो. आवक आणि भाव एकमेकांत सरकतील, पण तक्त्याच्या शेवटाला बोट थांबेल, पुढे जाणार नाही. उचल आणि येणे वेगळ्या पडद्यावर, पिन टाकून. ताई, बिल्ड तयार झालं की तुम्हाला पाठवतो. आईंच्या हातात देऊन बघाल का?