ग्रीक शिकणाऱ्या मुलांना 'वाया गेलेली' म्हणणाऱ्यांना उत्तर

ओहायोकर_आई
परवा इथे एकाने लिहिलं, "अमेरिकेत बीएला क्लासिक्स (प्राचीन ग्रीक-लॅटिनचा अभ्यास) घेणारी मुलं आईबापांचे डॉलर समुद्रात टाकतात. चार वर्षं मेलेली भाषा, पुढे शून्य." माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, ग्रीक आणि पुरातत्त्व. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून सविस्तर लिहितेय.

शून्य कुठलं? अथेन्सच्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, अमेरिकन स्कूल ही संशोधन संस्था १९३१ पासून खणतेय. दर उन्हाळ्यात तिथे विद्यार्थी स्वयंसेवक घेतात, त्यात पदवीची मुलंही असतात. खापरं धुण्यापासून मातीचा रंग मनसेल या प्रमाणित रंगतक्त्याशी ताडून नोंदवण्यापर्यंत सगळं हाताने शिकायला मिळतं. अथेन्समधलीच ब्रिटिश स्कूल ही तशीच संस्था, ती पदवीच्या मुलांसाठीच उन्हाळी अभ्यासक्रम चालवते. पदवीच्या मुलांनी तिथे राहून शिकायचे कार्यक्रमही आहेत: कॉलेज इयर इन अथेन्स १९६२ पासून, रोमचं सेंट्रो १९६५ पासून. ग्रीक उशिरा सुरू झालं तर पदवीनंतर एखादं वर्ष फक्त भाषा पक्की करायला पोस्ट-बॅक नावाचे अभ्यासक्रम आहेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी. चौकशी न करता निकाल कशाला देता?

हिशेबी_पुणेकर
ती पोस्ट माझीच होती आणि मी त्यावर ठाम आहे. स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी. अगोरा सोडलं तर बहुतेक फील्ड स्कूलना, म्हणजे उत्खननावरच्या प्रशिक्षण शिबिरांना, मुलांनीच हजारो डॉलर भरायचे, विमानभाडं वेगळं. पदरचे पैसे घालून घमेली उचलायची! माझ्या भाच्याने एक अख्खा उन्हाळा असा घालवला. त्याच्या खोलीतला मुलगा त्याच सुट्टीत पगारी इंटर्नशिप करून नोकरी घेऊन आला. भाचा आज विमा कंपनीत आहे. पुढचंही ऐका: ग्रीस सरकार परदेशी स्कूलना उत्खननाचे परवाने मोजकेच देतं, म्हणजे तिथे रांग आहेच. २०२१ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाने क्लासिक्सचा विभागच बंद केला.

ओहायोकर_आई
विभाग बंद झाला, पण कोर्स दुसऱ्या विभागांत गेले हे का गाळलंत? आणि तिथली मुलं त्या निर्णयाविरुद्ध उभी राहिली, तेही सांगा. पैशांचं म्हणाल तर आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाची वॉल्डबाम शिष्यवृत्ती पहिल्यांदा उत्खननाला जाणाऱ्यांसाठीच आहे. पुरेशी नाही, मान्य. म्हणून शिष्यवृत्त्या वाढवा म्हणा, विषयाला शिव्या देऊ नका.

मोडीवाला_सातारा
तुमचं चालू द्या, पण मला एक सांगा. आपल्याकडे पेशवे दप्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) पडून आहेत आणि मोडी वाचणारा शोधावा लागतो. मी स्वतः मोडी शिकलो. एका संस्थेत तीन उन्हाळे कागद लावले. प्रवासखर्च मागितला तर "आवडीने करताय ना?" असं ऐकवलं. आपले कागद कसर खातेय आणि आपली मुलं होमर वाचतायत. राग येतो.

लिपीवेडी
राग समजू शकते, पण तो त्या मुलीवर का? तिने होमर सोडला तर एखादा रुमाल वाचून होणार आहे का? अगोराच्या उत्खननवह्या स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, जुन्यासुद्धा. कुठलं खापर कुठल्या थरातून आलं ते घरबसल्या सापडतं. नोंद ठेवायची ही शिस्त शिकलेलं माणूस आपल्या दप्तरांनाही हवंच आहे.

मोडीवाला_सातारा
ती शिस्त शिकून इथे परत कोण येतं? एक नाव सांगा. आमच्या तालुक्यात जमिनीच्या वादात मोडी कागद निघाला की लोक शंभर किलोमीटरवरून वाचणारा आणतात. त्यात रोजगार आहे हो! पण पदवीच्या मुलाला ते कोणी सांगत नाही.

कोल्हापूरचा_बाळू
सातारकर, मोडीचं खरंय. पण आमच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. ती समुद्रापलीकडून आली हे ओळखायला भूमध्यसागरी कांस्यकाम माहीत असणारंच कोणीतरी लागलं ना? कार्ल्याच्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दानकर्त्यांचे लेख आहेत. पेरिप्लस या जुन्या सागरी व्यापाराच्या वर्णनात कल्याण, पैठण, तेर सगळं आहे आणि तो ग्रीकमध्ये आहे. आपण किती दिवस इंग्रजी भाषांतरावर भागवायचं?

हिशेबी_पुणेकर
त्यासाठी पदवीच कशाला लागते? लिनिअर बी ही ग्रीसमधली प्राचीन लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने उलगडली. तो आर्किटेक्ट होता. पोटापाण्याचं शिका, ग्रीक फावल्या वेळात करा.

लिपीवेडी
आता मात्र हद्द झाली. व्हेंट्रिसच्या आधी अ‍ॅलिस कोबर होती. हंगेरीहून आलेल्या आईबापांची मुलगी, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात लॅटिन घेऊन पदवी, तीही १९२८ मध्ये! ही लिपी सोडवायचीच हे तिने पदवीच्या काळातच मनाशी घेतलं होतं. युद्धात कागद मिळेना तेव्हा जुनी शुभेच्छापत्रं, पाठकोरे कागद कापून तिने १,८०,००० चिठ्ठ्या तयार केल्या. शब्दांच्या शेवटी चिन्हं ठरावीक रीतीने बदलतात, म्हणजे ही भाषा विभक्ती-प्रत्ययांची आहे, हे तिने दाखवलं. ते तिला दिसलं कारण लॅटिन-ग्रीक व्याकरण अंगात मुरलेलं होतं. १९५० मध्ये ती गेली, दोन वर्षांनी उलगडा झाला. आणि व्हेंट्रिसला पुढे सगळं तपासून मांडायला चॅडविक लागला. तो ग्रीकचा अभ्यासकच होता. फावल्या वेळाचा दाखला देताना ही माणसं पुसून टाकू नका.

हिशेबी_पुणेकर
कोबरचं माहीत नव्हतं. ठीक. पण तिच्यासारखी एक निघते, बाकीच्यांनी कर्ज फेडायचं कसं? याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

ओहायोकर_आई
देते. मुलगी जोडीला जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं) शिकतेय, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र चालवते. अमेरिकेत सरकारी पैशातल्या किंवा परवान्यातल्या रस्ते-धरणांच्या कामाआधी पुरातत्त्व पाहणी करावी लागते, १९६६ च्या कायद्याने. खाजगी कंपन्या त्यासाठी पदवीधर घेतात. अट साधारण एकच असते, फील्ड स्कूल केलेलं हवं. तुम्ही ज्याला पैसे देऊन घमेली उचलणं म्हणता तेच.

हिशेबी_पुणेकर
म्हणजे नोकरी ग्रीकमुळे नाही, जीआयएस आणि फील्ड स्कूलमुळे. तेवढं मान्य करतो. भाच्याला कळवतो, अजून तिशी ओलांडलेली नाही.

मोडीवाला_सातारा
अहो, आणि मोडीचं? दोघा-तिघांनी 'समजू शकतो' म्हटलं आणि पुन्हा अथेन्सला गेलात. मला माणसं हवी आहेत. मेमध्ये कोणी पदवीची मुलं आठवडाभर येणार असतील तर राहण्या-जेवणाचं मी बघतो.

कोल्हापूरचा_बाळू
माझ्या वर्गातली दोघं येतील. तारखा टाका.