अन्नपूर्णा परिक्रमा : इतके दिवस चालण्यात नेमके काय मिळते?

घाटवाट (प्रश्न)

गेली पंधरा वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे. शनिवारी रात्री निघायचे, रविवारी एखादा गड किंवा घाटवाट करून घरी परतायचे, ही माझी सवय आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमा, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला पायी घातलेला वळसा, करावी, असा मित्रांचा आग्रह आहे. मात्र त्या वाटेवर कोणतेही शिखर सर करायचे नसते. ५४१६ मीटर उंचीची थोरांग खिंड ओलांडून पलीकडे उतरायचे असते, आणि आता तर खिंडीच्या दोन्ही बाजूंना गाडीरस्ता बराच आतपर्यंत गेला आहे. मग दहा-बारा दिवस पाठीवर सॅक घेऊन चालण्यात असे काय आहे, की तेथे जाऊन आलेला माणूस पुन्हा जाण्याचे बेत आखतो?

माळरान

मी ही परिक्रमा दोनदा केली आहे आणि माझ्यापुरते उत्तर असे आहे, की तेथे आपण डोंगरावर नव्हे, तर डोंगरातल्या देशातून चालतो. वाट जेथून सुरू होते, ते बेसीसहर जेमतेम ७६० मीटरवर आहे. तेथे भाताची खाचरे आणि केळी दिसतात. मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर जाताना खाचरे मागे पडतात, पाइनचे रान लागते, आणि साडेतीन हजार मीटरवरच्या मनांगला पोहोचेपर्यंत ते रानही विरळ होऊन कोरडे, पिवळसर डोंगर उरतात. देवळांच्या जागी गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, येतात आणि मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते. महाबळेश्वरहून वाईला उतरताना पाऊस कसा ओसरतो, हे आपण जाणतोच. तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर घडते : अन्नपूर्णेच्या दक्षिणेकडील लुम्ले येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आत, पण रांगेच्या उत्तरेला असलेल्या जोमसोमला तीनशेच्या आसपास. गाडीतून हा बदल नुसता दिसतो. चालताना तो अंगावरच्या कपड्यांत आणि ताटातल्या अन्नात उतरतो.

एका संध्याकाळी मी मुक्कामाच्या घरी स्वयंपाकघरातच बसलो होतो. घरातल्या दिदींनी चुलीवर फापराची, म्हणजे आपल्या कुट्टूची, जाड भाकरी टाकली आणि माझे ओले मोजे माझ्या हातातून घेऊन चुलीवरच्या दांडीला वाळत घातले. बाहेर खेचरांचा तांडा येऊन थांबला होता आणि गळ्यातल्या घंटा अजून वाजत होत्या. आपल्या नाणेघाटाने एके काळी कोकण आणि देश जोडला होता. तसेच खिंडीपलीकडच्या काली गंडकी नदीच्या खोऱ्यातून तिबेटचे मीठ खाली आणि दक्षिणेचे धान्य वर जात असे. नाणेघाटात आज जकातीचा रांजण पाहायला मिळतो, पण तांडे नाहीत. येथे वाट अजून नांदती आहे.

उन्हाची तिरीप

माळरान यांच्याशी मी सहमत आहे. परंतु सह्याद्रीची सवय असलेल्यांनी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. खिंडीच्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि पायांतला जोर तेथे कामी येत नाही. मी दमले नव्हते, म्हणून मनांगचा विश्रांतीचा दिवस गाळला. खिंडीच्या पायथ्याच्या थोरांग फेदी या मुक्कामी पोहोचल्यावर संध्याकाळी डोके ठणकू लागले, जेवण जाईना आणि बुटांची नाडी बांधताना बोटे चुकू लागली. आमच्या वाटाड्या दाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) माझ्याशी वाद घातला नाही. त्यांनी माझी सॅक उचलली आणि विजेरीच्या उजेडात मला याक खर्क या आधीच्या मुक्कामापर्यंत खाली आणले. दोन रात्री तेथे काढून तिसऱ्या दिवशी पुन्हा चढलो आणि त्यानंतर खिंड ओलांडली. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि हवामान पाहूनच खिंडीकडे निघावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये, ऐन हंगामात, याच परिसरात हिमवादळाने अनेकांचे बळी घेतले होते. ‘बिस्तारै, बिस्तारै’, म्हणजे सावकाश, हा शब्द तेथे दिवसभर कानावर पडतो. घाई सोडून चालण्याचा तो आनंद रविवारच्या ट्रेकमध्ये मला कधीच मिळाला नव्हता.

तुळशीवृंदावन

खिंड उतरल्यावर मुक्तिनाथ लागते. तेथे १०८ धारांखाली भाविक स्नान करतात. त्याखाली काली गंडकीचे पात्र आहे. आमच्या देवघरातला शाळिग्राम आजीच्या माहेरून आला होता आणि तुळशीच्या लग्नात त्यालाच अंतरपाटामागे उभे करत. तसाच काळा दगड त्या नदीत पायाशी दिसला, तेव्हा मी बराच वेळ तेथून हललो नाही. त्याच्या पोटातले चक्र म्हणजे प्राचीन समुद्रातल्या शंखधारी जीवाचा जीवाश्म. हिमालय उभा राहिला, त्या जागी पूर्वी समुद्र होता. मी तो दगड उचलला नाही. दुपारनंतर त्या खोऱ्यात वारा इतका सुटतो, की डोळे उघडे ठेवणे कठीण होते. म्हणून चाल सकाळीच उरकावी.

माळरान

रस्त्याबद्दल सांगायचे राहिले. धूळ आणि गाड्या टाळायच्या असतील, तर लाल-पांढऱ्या रंगाच्या खुणा असलेली पायवाट धरा. विशेषतः पिसांगपासून खालचा रस्ता सोडून घ्यारू आणि नवल या वरच्या गावांतून जा. घ्यारूची चढण दमवते, पण समोर अन्नपूर्णा-दोन हे शिखर पूर्ण उघडे होते आणि मनांगला उतरण्याआधीच शरीर उंचीला सरावू लागते. या वरच्या गावांत एक रात्र अवश्य थांबा.